पौर्णिमाला नोटीस

३ फेब्रुवारी, सोमवार
पौर्णिमाने राजीनामा दिला. अकोल्यात एका कंपनीत एचआरची नोकरी लागली म्हणे. महिनाअखेर जाणार. मी शांत. अमरावतीतल्या निम्म्या मालकांना सल्लागार म्हणून कामगार कायदा मी शिकवतो; माझ्याच एकुलत्या एक कर्मचाऱ्याला असा सोडीन? तीन महिन्यांचा नोटीस पिरियड लावायचा. प्रश्न भावनेचा नाही, तत्त्वाचा आहे.

४ फेब्रुवारी
नोटीस पिरियड कुठं लिहिलाय, विचारते. म्हटलं, नेमणूकपत्रात. कोणत्या नेमणूकपत्रात, म्हणते.
अकरा वर्षांत द्यायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
नेमणूकपत्र केलं. तारीख २०१४ ची. मला टायपिंग येत नाही, त्यामुळे तिलाच डिक्टेट केलं. तिने माझ्या तीन चुका सुधारल्या, प्रिंट समोर ठेवली आणि म्हणाली, साहेब, मागची तारीख टाकता येत नाही, तुमीच तर सगळ्याइले सांगता. सही केली नाही.
शिकवलं मीच. भोगतोय.

१० फेब्रुवारी
कारणे दाखवा नोटीस! हीही तिनेच टाईप केली, दुसरं आहे कोण? 'आपली वर्तणूक' इथे मी अडलो. 'असमाधानकारक' हा शब्द तिनेच सुचवला. म्हटलं, नको, इतकं कडक नको. तिने स्वतःच पोच म्हणून सही केली आणि चहा सांगितला.

१६ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. तरी ऑफिसला गेलो. फाइली लावल्या. बायको गेल्यापासून रविवार संपता संपत नाही. संध्याकाळी दूधवाल्याला नोटीस पिरियड समजावून सांगितला. त्याला घाई होती.

१७ फेब्रुवारी
नोटिशीचं उत्तर आलं, पलीकडच्या टेबलावरून. लेखी एकच ओळ: आरोप अमान्य. तोंडी म्हणाली, अकोल्याले माय एकटीच रायते, एकट्या माणसाजवळ कोणीतरी पाह्यजे ना साहेब.
कायद्यात हे कारण बसत नाही. फाइलला लावलं.

२८ फेब्रुवारी
तिचा शेवटचा दिवस. हुकमाचा एक्का मात्र माझ्या हाती: अनुभव प्रमाणपत्र. सही केली नाही. म्हटलं, सोमवारी ये. सोमवारी म्हणेन, गुरुवारी ये. मालक लोक असेच फेऱ्या मारायला लावतात. मीच त्यांना तसं करू नका म्हणून सांगतो.

३ मार्च, सोमवार
आली नाही. एसटी चुकली असेल.

८ मार्च
प्रमाणपत्रावर सही करून ठेवली. शिक्काही मारला. आल्यावर ताटकळायला नको.

१२ मार्च, दुपारी
तिच्या कंपनीतून फोन. कागद नको म्हणाले, फोनवरच चौकशी करतो. बरे सापडले! वर्तणुकीबद्दल स्पष्टच सांगायचं ठरवलं. वीस मिनिटं बोललो. कधी उशिरा येत नाही. कायदा माझ्यापेक्षा पक्का. डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त आणते.
शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, फॉर्म मीच छापून देतो पार्ट्यांना. या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?
मी विचारलं, कधी पाठवता?
पलीकडचा हसला आणि त्याने फोन ठेवला. मी गंमत करत नव्हतो.