दोन रेणूंमधली रेघ

४ ऑक्टोबर, शनिवार
चि. मृण्मयीने छायाचित्र पाठवले. नात बंगळूरला कसल्याशा सूक्ष्मदर्शकावर संशोधन करते, एवढेच आजवर सांगत आलो. ती काय पाहते, ते आज दिसले. तांब्याच्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी दोन रेणू, प्रत्येकाच्या षट्कोनी कड्या स्पष्ट, आणि दोहोंच्या मध्ये एक फिकट रेघ. रेघ म्हणजे त्यांना जोडणारा बंध! सोबतच्या संदेशात चार ओळी, चुका तीन. दुरुस्त करून उलट पाठवला.

५ ऑक्टो., रविवार
शेजारच्या दिगंबरच्या मोटारसायकलीवरून मालेगाव. अभिनंदनाचा फ्लेक्स करून घेतला. मजकूर अर्थात माझा: ‘दोन रेणूंमधील बंध प्रत्यक्ष पाहणाऱ्या आमच्या गावकन्येचे हार्दिक अभिनंदन.’ वर ते छायाचित्र. गावच्या बसथांब्यावर टांगला.
दिगंबर: “मास्तर, हे मधमाश्यांचं पोयं कोन्या झाडाचं व्हय?”
सायंकाळी तोच चौघांना रेणू समजावून देत होता. बरे वाटले.

७ ऑक्टो., मंगळवार
मृण्मयीचा फोन. कोणीतरी फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर फिरवला. फिरत फिरत तिच्या प्रयोगशाळेत पोहोचला.
“आबा, ती रेघ खरी का भास, हेच तर अजून ठरायचंय. सर म्हणाले, आधी गावात जाहीर केलंस का? मी तुम्हाला लिहिलं होतं!”
संदेश पुन्हा काढला. तिसरी ओळ: रेघ भासही असेल, इतक्यात कोणाला सांगू नका. त्याच ओळीतले दोन ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले होते. अक्षर न् अक्षर तपासले. सांगणे तेवढे वाचले नाही.
सौ.: “तुमाले कायले एवढी घाई झालती?”


८ ऑक्टो., बुधवार
तरीही मन मानेना. दिसलेली रेघ खोटी कशी? सकाळी तिलाच विचारले. राग ओसरला होता. म्हणाली, यंत्राची सुई डोळ्यासारखी पाहत नाही, अगदी जवळून चाचपत जाते. तिच्या टोकाला एकच रेणू चिकटवलेला असतो, आणि तो जरासा कलतो.
“केरसुणीची काडी घ्या, दोन लिंबं घ्या. आजीला मांडू द्या. तुम्ही डोळे मिटा.”
सौ.ने परातीत तांदूळ पसरून लिंबे जोडून ठेवली, वर पातळ फडके. काडी फिरवली. पहिले लिंबू. दुसरे लिंबू. मध्ये टचकन काहीतरी.
ठासून म्हणालो, “मध्ये वात ठेवली आहेस.”
“काईच नाई ठेवलं. पाहा न!”
फडके उचलले. खरोखरच काही नव्हते. काडी खाचेत वाकून उसळली होती, आणि हाताने तिथे उंचवटा मानला. तीनदा केले, तीनदा फसलो. मग सौ.ने डोळे मिटले, तीही फसली. “अगं बाई, हे तं हायेच मंधात!” दोघेही पोट धरून हसलो. लिंबांचे सरबत.

९ ऑक्टो., गुरुवार
फ्लेक्स स्वतः उतरवला. थांब्यावरचे म्हणाले, “काहून काढून राह्यले मास्तर? पोरीचं कौतुकच तं हाये.” सांगितले: शुद्धलेखन निर्दोष होते, विधान तपासलेले नव्हते. दिगंबरने तो सोयाबीनच्या गंजीवर झाकायला नेला, रेणू वरच्या बाजूला.
मृण्मयीला कळवले. उत्तर: लिंबांचा प्रयोग सरांना सांगितला, सर हसले, आजीला नमस्कार सांगा म्हणाले. मला नाही.

१३ ऑक्टो., सोमवार
सुईला आज ती दुसरे टोक लावणार, ताठ, न कलणारे. त्याच जागी पुन्हा पाहणार. रेघ उरली तर खरी. पुसट झाली तर काडीचा खेळ. तिचा संशोधनलेख त्यावर अडला आहे.
सकाळी ११ ला संदेश: टोक बसलं, सुरु करते. चूक दिसली. दुरुस्त केली नाही. नुसते ‘बरे’ लिहिले.
दुपारी दिगंबर आला. मळणी झाली म्हणून फ्लेक्स धुऊन, घडी करून आणला होता. थांब्याचे खिळे अजून तसेच आहेत, असेही सांगितले.
“थांब,” मी म्हणालो. “इतक्यात नको. रेघ नसेलही.”
“खरी निंगाली तं लावू. नाई निंगाली तं पुढच्या साली गंजी हायेच.”
दोन्ही चालेल, म्हणालो. ते पूर्ण खरे नाही. ४ वाजले. फोन ओट्यावर, माझ्याजवळच. संदेश अजून नाही.