आई अजिंठा चढली

रविवार, संध्याकाळ. वाशीम.

अजिंठ्याहून आताच परतलो. आई चढली! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पायऱ्यांना भ्यायची, म्हणून मी पायथ्याशी डोली ठरवली. तर म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर बसू मी? आपल्या लोकायनं कमी वझी वाहिली काय?" मी चिडलो. काहून चिडलो? डोलीवाले तर कवतिकानं पाहत होते. ती मात्र थांबत, कठड्याले धरत चढलीच.

शेवटाकडच्या लेण्यात निजलेल्या बुद्धापुढं तिनं 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिसरण म्हटलं. आवाज दगडात घुमला. डोळे पुसत मले म्हणाली, "माह्या पायानं आली मी, बापू."

शरण जाणं म्हणजे वाकणं, असंच मले आजवर वाटे. आज त्या मूर्तीपुढं आई केवढी ताठ उभी होती!