सेनुवाराचा नववा महिना

१४ जुलै, आर्णी
आज डोकंच फिरलं! सर्व्हेले गेलती, तर रहेमानभाईच्या भंगार दुकानामागच्या खोलीत पोटुशी बाई. आठवा संपत आला अन् एक इंजेक्शन नाही, एक गोळी नाही. माह्या वार्डात! आशा सेविका म्हणून नऊ वर्षं झाली मले, अन् मलेच पत्ता नाही.

नाव सेनुवारा. नवरा तिथंच भंगार निवडते. बर्माचे, रोहिंग्या. हैदराबादेहून आले. आधार नाही. यूएनचं एक कार्ड आहे, ते ओढणीआडून दाखवते, हातात देत नाही.

पाय सुजलेले. बीपी दीडशे. पहिलं लेकरू पळता पळता रस्त्यातच गेलं म्हणे. "दवाखाना नही. पुलिस ले जाता." हेच एक धरून बसली.

१६ जुलै
दवाखान्यातल्या सिस्टरले विचारलं. "आधार नसलं तरी बाळंतपण करू आपण. पण घरी ठेवू नको बाई, झटके येतीन." म्हणजे घरी राह्यली तर मायलेकरं दोन्ही जातीन. आता समजवाचं कसं तिले?

१९ जुलै
बाजूची रौशनभाभी तरी जवळ करन, असं वाटलं मले. एकाच धर्माच्या ना! तर ती म्हणे, "हमदर्दी तो है बाई, मगर कल को हमारेच कागज देखेंगे ना!" तरी डाळ पाठवते तिले. चोरून.

घरी यांचं वेगळंच. मोबाईलवर काय काय पाह्यते हा माणूस! "बाहेरचे लोक. आपल्यालेच पुरत नाही. तुले काय पडली?" म्हणलं, मी पोट तपासाले जाते, पासपोर्ट नाही! लय भांडलो. भाजी करपली.

२३ जुलै
हसली आज! तिच्या बोलीत "भात" म्हणाले गेली मी, तर तोंडावर हात ठेवून हसली. दवाखान्याचं काढलं की मात्र तोंड फिरवते.

२६ जुलै
उद्या आपल्या घरी भोजनदान. वर्षावासात, पावसाचे तीन महिने, विहारातले भंते रोज एका घरी जेवतात, यंदा आपली पाळी लवकर लागली. मनात आलं, सेनुवारालेही बोलवावं. पोटभर जेवन. अन् सुखरूप सुटकेसाठी भंते पाठ म्हणतात, तो तिच्यासाठीही म्हणतीन. कसं सुचलं मले! लय खूश आहे आज.

२७ जुलै
काय करून बसली मी!

आली बिचारी. मागच्या दारानं, हातपाय धुऊन. पुढच्या खोलीत पाय ठेवला, समोर भंते. अंगावरचं चिवर पाह्यलं अन् पांढरीफटक पडली. दोन्ही हातांनी पोट धरलं, उलट्या पावली मागं गेली अन् रस्त्यानं पळत सुटली. अशा पोटानिशी!

हे तर पेटलेच. "आपल्या घरात भंतेंचा अपमान केला तिनं!" भंते म्हणे, "राहू द्या. वाढा." पण धड जेवले नाही.

२८ जुलै
दार उघडत नाही. तीनदा गेली. शेवटी रौशनभाभीनं सांगतलं. तिच्या गावात घरं जाळाले जमाव आला तव्हा पुढं दोघं होते, भंतेंसारखेच कपडे घातलेले. सासरा घरातच राह्यला.

खोटं! तोंडावर म्हणलं मी भाभीच्या. घरी येईपर्यंत तेच म्हणत आली. आमचे भंते मुंगी पाहून पाय टाकतात. बुद्धाचं नाव घेणारा कायले कोणाचं घर जाळन?

संध्याकाळी विहारात गेली, भंतेंलेच विचारलं. मंग म्हणे, "खरं आहे. मले मालूम होतं. तुमच्यापुढं बोलाची लाज वाटली."

लाज तर मलेही वाटून राह्यली. अन् रागही. कोणाचा ते समजत नाही.

३१ जुलै
दार बंदच. नवरा बाहेर येऊन हात जोडते, "नही आती बाई." भंते आता मागच्या गल्लीनं जातात, तिच्या नजरेस पडू नये म्हणून. त्यांनी स्वतःच ठरवलं. गोळ्या खिडकीत ठेवून आली.

२ ऑगस्ट
गोळ्या जशाच्या तशा. पाय ठरत नाही माहे घरात.

४ ऑगस्ट
मुलगी झाली. दोन किलो चारशे. दोघी बऱ्या आहेत.

पहाटे तिचा नवरा बोलवाले आला. ऑटो दारात, अन् सेनुवारा चौकट धरून बसलेली. डोळे फिरून राह्यलते, तरी सोडेना. माह्याकडं पाहून विचारलं, "तुम भी वोइच लोग?"

आजोबा छप्पन साली नागपूरले पायी गेलते दीक्षा घ्याले. शाळेत, सासरी, हापिसात, जिथं कोणी विचारलं तिथं छाती काढून सांगतलं मी आजवर, बौद्ध आहे म्हणून.

"नही," म्हणलं. तव्हा कुठं तिनं चौकट सोडली.