डावा खांदा

ता. ९ फेब्रुवारी

ति. ताईस,

नमस्कार. चार वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल, तर असू दे. पत्र तेवढं पूर्ण वाच. मी बरी आहे, गुडघे कुरकुरतात इतकंच.

बातमी अशी, की दुकानातले कटर रिटायर झाले आणि मालकांनी कात्री माझ्या हातात दिली. तू दूरच्या कारखान्यात निघून गेल्यापासून बावीस वर्षं मी नुसती काजं केली. पण खडू धरला आणि हात आपला चालायला लागला. तू रद्दीच्या कागदावर शंभर-शंभर खांदे कापून घ्यायचीस, शेवटी डोळ्यांना रुमाल बांधून. "डोळे फसवतात गं, हाताला शिकव," म्हणायचीस. तेव्हा तुझा फार राग यायचा.

गेल्या आठवड्यात तीन शर्ट परत आले. तक्रार एकच, डावा खांदा ओढतो. मालक म्हणाले, "बाई, सगळी गिऱ्हाइकं वाकडी आहेत का?" टेप लावली. तिन्ही शर्टांचा डावा खांदा बरोबर दोन सूत खाली. मग चौथा कापताना स्वतःच्याच हातावर पाळत ठेवली. दुहेरी कापड कापलं, घडी उघडली, आणि हाताने मला न विचारता डाव्या खांद्यावरून बारीकशी पट्टी उतरवली.

ताई, तो बाबांचा खांदा. टपालाची पिशवी वाहून उतरलेला. आपले बिघडलेले शर्ट मुकाट घालणारं दुसरं होतं कोण? त्यांच्या मापावर शिकले, ते अंगवळणी पडलं. मला टेबलापाशीच रडू आलं. मालकांना वाटलं, त्यांचंच बोलणं लागलं. बिचारे चहा घेऊन आले.

आता चार वर्षं टाळलेलं लिहिते. बाबा गेले तेव्हा तुला आधी कळवायला वेळ मिळाला नाही, असं लिहिलं होतं. वेळ होता. अकरा दिवस होते. ते रोज विचारायचे, "मोठी निघाली का?" मी म्हणायचे, "निघालीय, बाबा." तू आम्हाला सोडून गेलीस, मग शेवटी तरी ते माझ्या एकटीचे असावेत, असं वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी तू शिवलेलाच शर्ट मागून घेतला, कोपरावर विरलेला. तो माझ्याकडे आहे.

माफ कर म्हणायला तोंड नाही. मालकांनी हात सुधारायला महिना दिलाय, आणि सुधारेलही. पण तो खांदा हातातून जायच्या आत तू ये. दोघी मिळून त्यांच्या मापाचा एक शर्ट कापू.

आता घरात विचारणारं कुणी नाही, म्हणून मीच विचारते. मोठी निघाली का?

तुझी,
धाकटी