एकाच घरट्यातल्या सहा माश्या

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, संग्रहालयाच्या कीटक विभागातून निवृत्त, आज मंगळवारी सकाळी दहा वाजता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून गुरुवारी डॉक्टर ते उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकतील अशा सर्वांशी मी पूर्वीच भांडून घेतले आहे.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या स्वकष्टाचे असून माझ्या पश्चात ते माझ्या भाचीचे व्हावे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. धाकटी गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. बँकेत जे असेल तेही तिचेच. स्वयंपाकघरातला नळ दोनदा पिळावा लागतो, हे तिला ठाऊक आहे, तरी ती एकदाच पिळते.

कलम दोन. थोरल्या भावाने कशावरही हक्क सांगू नये. चाळीस वर्षे तो घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला, "ही आमची बहीण. हिला माश्या मारायचा पगार मिळतो." पहिल्यांदा मीही हसले होते. माझा जुना रेडिओ मात्र त्याला द्यावा. तोही एकटाच बोलतो आणि कोणाचे ऐकत नाही, दोघांचे जमेल.

इथे उठून गॅस पाहून आले. बंद होता. मघाशीही बंदच होता.

कलम तीन. सूक्ष्मदर्शक, चिमटे आणि टाचण्यांचे डबे विभागाला द्यावेत. अट एकच: व्यवस्थापकाने कीटकांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचू नयेत. रचल्यास सर्व वस्तू परत आणाव्यात. हे काम भाचीने करावे, भांडणात ती माझ्यावर गेली आहे.

कलम चार. आता संग्रह. माझी सारी हयात राळमाश्यांच्या एका प्रजातीत गेली. प्रजाती म्हणजे घराणे समजा आणि जाती म्हणजे त्यातली बिऱ्हाडे. या माश्यांना पोळे नाही, राणी नाही. प्रत्येक मादी एकटी राबते. झाडाची राळ जबड्यात धरून आणते आणि फटीत, भोकात नाहीतर उघड्या दगडावर लेकरांसाठी खोल्या बांधते. सगळ्या काळ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, करंगळीच्या नखाएवढ्या. लांबून पाहणाऱ्याला एकीसारखी दुसरी. जवळून पाहिले तर एकीच्या जबड्याला तीन दात, दुसरीच्या चार. एका नराच्या शेपटाला कंगव्यासारखे दाते, दुसऱ्याचे गुळगुळीत. एक जात राळेत बारीक खडे मिसळते, दुसरीला मिसळलेले खपत नाही. या सर्वांचा ओळख-तक्ता मी केला. तो अजून वापरतात. त्यात तेवीस जाती आहेत.

तेवीस हा आकडा खोटा आहे. मला हे अकरा वर्षांपासून माहीत आहे.

पाणी पिऊन आले. बसवत नाही. पुढचे उभ्यानेच लिहिते.

कलम पाच. एकोणीस वर्षांपूर्वी धाकटी माझ्याबरोबर दगडखाणीत आली असता तिला भिंतीवर एक मादी मिळाली: काळे तोंड, पोटाखाली तांबूस केस. कोणत्याच जातीत ती बसेना. तीन महिन्यांनी धाकटी तापाने गेली. मी ती मादी नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला धाकटीचे नाव दिले. दुसरे काही देण्यासारखे माझ्या हातात उरले नव्हते.

त्याच्या वर्षभर आधी आमच्या विभागातले ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे भिंगवाले म्हणत असू, त्यांनी पिवळ्या तोंडाचा एक नर नवी जात म्हणून नोंदवला होता. वार्षिक बैठकीत ते सर्वांसमोर उठून म्हणाले, "बाई, तुमची मादी ही माझ्याच नराची बायको आहे. दोघांची जात एकच."

मी विचारले, "लग्नाला तुम्ही हजर होतात का?"

सभा खो खो हसली. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. तो नर आणि ती मादी कधी एकत्र सापडलेच नव्हते. पण तो हशा त्यांच्या पाठीस लागला. त्यांचे काही छापून आले की लोक आधी माझे वाक्य आठवत. दोन वर्षांत त्यांनी विभागात पाय ठेवणे सोडले.

अकरा वर्षांपूर्वी विभागाच्याच खिडकीत, सरकत्या काचेच्या खाचेत, मला राळेचे एक घरटे सापडले. बरणीत ठेवले. पंधरा दिवसांनी दोन नर बाहेर आले, पिवळ्या तोंडाचे. मग चार माद्या आल्या, काळ्या तोंडाच्या, पोटाखाली तांबूस. एका आईची सहा लेकरे. नवराबायकोला मी आठ वर्षे वेगवेगळ्या खणांत कोंडून ठेवले होते.

आमच्यात नियम असा, की एका जातीला दोन नावे पडली तर आधीचे टिकते. म्हणजे भिंगवाल्यांचे टिकणार आणि धाकटीचे पडणार. त्याच आठवड्यात भाचीने कॉलेजच्या अर्जात लिहिले होते, "माझ्या आईच्या नावाची एक माशी आहे." मी ते घरटे आणि सहाही माश्या एका पेटीत घालून घरी आणल्या आणि कपड्यांच्या कपाटात लपवल्या. सबब ती पेटी, माझ्या कबुलीपत्रासह, माझ्या पश्चात भिंगवाल्यांना पोचती करावी.

इथवर लिहिले तोच भाची चहा घेऊन आली आणि पाठीमागे उभी राहून वाचू लागली. मी कागद झाकला नाही.

"मग आईचं नाव पुसणार?" तिने विचारले.

"पुसत नाहीत गं. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं."

"काय म्हणून?"

"चूक म्हणून. माझी चूक, तिची नाही."

तिने चहाचा कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "भिंगवाले जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग तू मेल्यावर कशाला सांगतेस, मावशी? तेव्हा तुला कुठे तोंड दाखवायचंय?"

मला राग आला. ती रडत होती. मीही रडले. मग तिनेच नंबर शोधून फोन माझ्या हातात दिला.

भिंगवाल्यांनी आवाज ओळखला. मी एका दमात सगळे सांगितले. माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, कळले नाही. ते म्हणाले, "आधी काय निघालं?"

"नर."

"किती?"

"दोन. माद्या चार."

"तारीख?"

मी तारीख सांगितली, महिना सांगितला आणि मग वर्ष सांगावे लागले. ते वर्ष त्यांनी स्वतःशीच एकदा परत म्हटले.

"बाई, मी आता ऐंशीचा आहे," ते म्हणाले. "उद्या आणा. सकाळी लवकर आणा, मला सकाळचंच थोडं दिसतं."

कलम सहा. वरील कलम पाचमधील पेटी पोचती करण्याचे वाक्य मी साक्षीदारांसमक्ष खोडत आहे. त्यातील पेटी उद्या बुधवारी मी स्वतः नेऊन देईन. माझ्या तक्त्यातील आणखी नऊ जातींचा फक्त नर किंवा फक्त मादी सापडलेली आहे. त्यांतही कोणी नवराबायको असतील. घरच्या संग्रहातले ते नऊ खणही मी टॅक्सीत घालून नेणार आहे. त्यांना दिसेल तेवढे त्यांनी पाहावे. दिसणार नाही ते मी त्यांना वाचून दाखवीन.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: मंगळवार, चालू महिन्याची एकोणीस, सायंकाळी पाच.
सही केली आहे.

साक्षीदार पहिले, शेजारचे डॉक्टर: लिहिणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद. उद्या घराबाहेर पडू नये असे मी सांगितले आहे.

साक्षीदार दुसऱ्या, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई: सही माझ्यासमोर झाली. डॉक्टरांचे त्या ऐकणार नाहीत. टॅक्सी मी सकाळी सातला सांगितली आहे.