सरस गार होण्याआधी

सर्वण, डिचोली

बाबली भावजींना नमस्कार.

त्या सकाळी मी गोठा झाडला, पाव घेतले आणि चहा ठेवला. बाजूच्या चुलीवर ह्यांचा सरस तापत होता. ट्रकवरची नोकरी सुटल्यापासून फणसाच्या फळ्यांतून गिटारी बनवायचं वेडच लागलं होतं त्यांना. त्या दिवशी तिसऱ्या गिटारीची वरची फळी चिकटवायची होती. गरम सरस एकदा लावला की थांबता येत नाही. गार झाला तर सांधा धरत नाही.

सरस लावून झाला आणि ह्यांनी छाती दाबली. कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, "शेजारच्या शाणूची जीप बोलावते."

"अगो, दोतोर खंय पळान जाता? आधी फळी धर. सरस थंड जातलो."

"सवतच आणलीत घरात," असं म्हणत मी फळी धरली. फळी आवळायचे चिमटे कमी होते, म्हणून एक बाजू हातांनीच दाबायची होती. "हात काढू नको," असं ते सांगत राहिले. अर्धा तास मी तशीच उभी होते. मग ते भिंतीला टेकल्या टेकल्या कलंडले.

अर्धा तास आधी आणलं असतं तर ते वाचले असते, हे इस्पितळात डॉक्टरांच्या तोंडून तुम्हीही ऐकलंत. हे पत्र मी पूर्वीही दोनदा लिहून फाडलंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "वयनी, त्याच्या छातीत दुखूक लागला तेव्हा तू खंय होती?" मी सांगितलं, न्हंयच्या काठावर कपडे धूत होते.

तुमची वहिनी,
शेवंती