थोडंफार चालतो

प्रिय भोपळ्या,

हे नाव आता तुला अजिबात शोभत नाही. गाल आत गेलेत, पोटऱ्यांवरचे केससुद्धा वस्तऱ्याने काढलेस, त्यांना वारा अडतो म्हणे. वैमानिकाच्या पहिल्या गणवेशाचं बटण लागेना म्हणून तू पळायला लागलास, तेव्हा मला तुझं केवढं कौतुक वाटलं होतं. आज मात्र इतका संताप आलाय की लाडाचं नाव सोडून दुसरं काही लिहायला घेतलं असतं, तर पेन आवरलं नसतं.

आपण दोघं एकाच कंपनीची विमानं उडवतो, पण तुमच्या त्या सायकलवाल्या वैमानिकांच्या टोळक्यात मी परवा पहिल्यांदा आले. चढ संपता संपता तू एकदम बाजूला झालास आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकलास. तोंड पांढरंफटक, तळहात छातीवर. मी जवळ पोचले तर म्हणालास, चेन निसटली. चेन जागेवर होती. मी तुझ्या मागेच होते आणि मला डोळे आहेत.

मग ती कपडे बदलायची खोली, सगळ्यांना मिळून एकच. ओले बनियन, मलमाचा वास, बाकावर सांडलेली प्रोटीनची पावडर, आणि मधोमध टॉवेल गुंडाळून बसलेला तुमचा तो म्होरक्या, ज्याला तुम्ही लोखंड म्हणता. नव्या पोरांना शिकवत होता की वैद्यकीय तपासणीआधी काही आठवडे सायकलला हात लावायचा नाही, म्हणजे ईसीजी शहाण्यासारखा येतो. तरी नाडी फार मंद वाटली तर दवाखान्याचा जिना पळत चढायचा. छातीत फडफडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डॉक्टरसमोर ब्रसुद्धा काढायचा नाही. सगळे माना डोलवत होते. पाठीमागे विमानभर माणसं घेऊन उडणारे तुम्ही, आणि अक्कल परीक्षेत कॉपी करणाऱ्यांची. मला शिसारी आली. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली तरी तो वास नाकातून जाईना.

त्याहून किळस तुझी आली. व्यायाम काय करता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तू म्हणे सांगितलंस, थोडंफार चालतो. हा किस्सा तूच रंगवून सांगितलास आणि सगळे खिदळले. जो माणूस आपण किती पळालो हे न्याहारीआधी फोटोसकट सगळ्या जगाला कळवतो, तो ते नेमकं डॉक्टरांपासून लपवतो. माझीही नाडी पोहण्यामुळे मंदच आहे. मी सगळं सांगितलं, त्यांनी सोनोग्राफी करून हृदय नीट पाहिलं, फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि मला उडायला मोकळं केलं. मेहनतीने जाड झालेलं हृदय आणि दुखण्याने जाड झालेलं हृदय वरवर सारखं दिसू शकतं, भोपळ्या. तू किती घाम गाळतोस हेच ठाऊक नसेल तर त्या बिचाऱ्यांनी फरक ओळखायचा कसा? आणि चढावर छाती धरून थांबणं हे तगडेपणाचं लक्षण नाही, एवढं तुलाही कळतं.

शेजारी दुसरा वैमानिक असतोच, हे तुझं उत्तर मला पाठ आहे. उतरताना जमीन जवळ आलेली असताना तू विमान वळवायच्या दांड्यावर कोसळलास, तर त्याने आधी तुला मागे ओढायचं की विमान सांभाळायचं? तुझी बायको बिचारी सगळ्यांना सांगत असते की आमच्या घरात सगळ्यात ठणठणीत हाच. परवा तिचा फोन आला, तेव्हा मी कामाचं निमित्त सांगून ठेवून दिला.

आज दुपारी मी कंपनीच्या डॉक्टरांना सगळं सांगून आले. चढ, भिंत, छातीवरचा हात आणि ते थोडंफार चालणंसुद्धा. तपासण्या होईपर्यंत तुला उड्डाणावर घेणार नाहीत. चुगली कोणी केली हे शोधत बसू नकोस, लहानपणी करायची तीच अजून करते. परवाना परत मिळेल की नाही, मला माहीत नाही. हृदयाच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेऊन ठेवली आहे. हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवून मी खाली गाडीत थांबेन. वाचून झालं की भांडायला ये, हवं तेवढं भांड. फक्त जिन्याने पळत येऊ नकोस. लिफ्टने ये.

तुझीच,
चुगलखोर ताई